रॉक, जॅझ फ्युजन आणि गिटार: नेहमी विचारतात ते प्रश्न

क्लासला येणारी पोरं, त्यांना सोडायला आलेले बाबा, कॉलेज रोडला चहाला भेटणारे जुने बँडवाले, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदा लिहूनच टाकतोय. मी नाशिकचा, गिटार वाजवतो आणि शिकवतो, मतं माझी आहेत, नाही पटली तर सोडून द्या.

फ्युजन म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तबल्याशेजारी कीबोर्ड ठेवला की फ्युजन म्हणतात.

म्हणू द्या, शब्द कुणाच्या मालकीचा नाही. पण इथे मी जे बोलतोय ते जॅझ-रॉकबद्दल, म्हणजे १९६०चं दशक संपता संपता जॅझवाल्यांनी इलेक्ट्रिक गिटार, इलेक्ट्रिक पियानो आणि रॉकचा आवाज जवळ केला त्याबद्दल. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 'इन अ सायलेंट वे' १९६९चं, 'बिचेस ब्रू' १९७०चं, दोन्हीवर गिटार जॉन मॅक्लॉफ्लिनची. पण माझ्या मते खरी ठिणगी टोनी विल्यम्सची. हा माणूस सतराव्या वर्षी माइल्सकडे ड्रम वाजवायला लागला, आणि १९६९ला त्याने स्वतःचा बँड काढला 'लाइफटाइम', त्यात मॅक्लॉफ्लिन, ऑर्गनवर लॅरी यंग, आणि रेकॉर्डचं नाव 'इमर्जन्सी!'. रेकॉर्डिंग जरा फाटकं आहे, आवाज चिरतो, तरी ऐका. बँड ड्रमरचा होता हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा तेच येणारे.

मी पक्का रॉकवाला. मेटालिका, फ्लॉइड, मेडन. जॅझ डोक्यावरून जातं. कुठून सुरू करू?

गिटारिस्ट जेफ बेक, रेकॉर्ड 'ब्लो बाय ब्लो', १९७५. प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन, तोच बीटल्सवाला. एकही गाणं गायलेलं नाही, गायकच नाही, तरी अमेरिकेत चार्टवर चौथ्या नंबरापर्यंत गेलं, म्हणजे सामान्य लोकांनी विकत घेऊन ऐकलंय, फक्त आपल्यासारख्या वेड्यांनी नाही.

त्यातलं 'कॉज वुइव्ह एन्डेड अ‍ॅज लव्हर्स' लावा. चाल स्टीव्ही वंडरची, बेकने वाजवताना ती रॉय ब्युकॅनन या गिटारिस्टला अर्पण केलीय. सुरुवातीचे सूर ऐका, त्यांना टोक नाहीये. तारेवर पिक पडल्याचा जो टक्क आवाज येतो तो ऐकूच येत नाही, सूर शून्यातून फुगत वर येतो, कारण तार छेडताना व्हॉल्यूमचा नॉब बंद आहे आणि छेडल्यानंतर तो उघडलाय. आता गिटार घ्या आणि एकच सूर असा काढून बघा. नॉब लवकर उघडला तर टक्क ऐकू येतो, उशिरा उघडला तर सूर मेलेला असतो. मी पोरांना एका सुरावर अख्खा तास बसवतो, काही जण पुढच्या आठवड्यात येत नाहीत.

ते सगळं त्या गिटारमुळे का? कुठली गिटार ती?

त्या गाण्यावर टेलिकास्टर, पण आत गिब्सनचे हंबकर पिकअप बसवलेले (पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडणारा भाग, हंबकर त्यातला जाड आवाजाचा प्रकार). सेमोर डंकनने जोडून बेकला दिली होती, तेच डंकन ज्यांच्या नावाचे पिकअप आज दुकानात मिळतात. गिटारचा वाटा आहेच, पण तुमच्याकडे तीच गिटार असती तरी नॉब फिरवायचा कुणी?

आणि एक, बेकचे नंतरचे व्हिडिओ बघून पिक फेकून देऊ नका. पिक त्याने सोडलं ते पुढे १९८०च्या दशकात, हे रेकॉर्ड पिकनेच वाजवलंय.

महाविष्णू ऑर्केस्ट्रा लावलं, पाच मिनिटांत बंद केलं. सगळे एकदम भांडतायत असं वाटलं.

स्वाभाविक आहे. १९७१चं 'द इनर माउंटिंग फ्लेम' पहिल्यांदा ऐकताना प्रत्येकाचं तेच होतं, पाच जण आणि पाचही जण पूर्ण ताकदीने. मॅक्लॉफ्लिन गिटार, बिली कॉबम ड्रम, यान हॅमर कीबोर्ड, जेरी गुडमन व्हायोलिन, रिक लेअर्ड बास. महाविष्णू हे नाव मॅक्लॉफ्लिनला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं, त्यामुळे नाव वाचून भजन असेल म्हणून लावाल तर झटका बसेल.

उपाय सांगतो. गिटार ऐकूच नका. 'द डान्स ऑफ माया' लावा आणि मांडीवर मात्रा मोजा, दहा. आपल्याकडच्या पोराला दहा मात्रा म्हटलं की झपताल आठवतो, पण झपतालाचा ठेका त्यावर चिकटवायला जाऊ नका, फक्त दहा मोजून समेवर या, विभाग तुमचे तुम्ही शोधा. मधेच एक ब्लूजसारखा झुलता भाग येतो आणि वाटतं की आता दुसरंच गाणं सुरू झालं, आणि शेवटाकडे सुरुवातीचा तो भीतीदायक तुकडा आणि हा ब्लूजचा तुकडा एकमेकांच्या अंगावर वाजतात आणि तरी कुठेही सांडत नाही. ते एकदा मोजत मोजत पकडलं ना की भांडण वगैरे काही राहत नाही. मग १९७३चं 'बर्ड्स ऑफ फायर' घ्या, त्याचं टायटल गाणं अठरा मात्रांचं, सुरुवातीला गाँग वाजतो. मोजता आलं तर मला पण सांगा किती वेळात जमलं, कारण तिथे भले भले घसरतात.

दादा, तू सारखं ड्रमर ड्रमर का करतोस? आम्ही गिटार शिकायला आलोय.

कारण गिटारच्या ज्या रेकॉर्डना आपण डोक्यावर घेतो त्यातल्या निम्म्या खरं तर ड्रमरच्या आहेत. हे मी उगाच नाही म्हणत, हिशोब बघ.

माइल्सचं 'अ ट्रिब्यूट टू जॅक जॉन्सन', १९७१. पहिला ट्रॅक 'राइट ऑफ', जवळपास सत्तावीस मिनिटं. मॅक्लॉफ्लिनने स्टुडिओत वाट बघता बघता कंटाळून ई या स्वरात बूगी, म्हणजे ब्लूजचा धावता ठेका, छेडली आणि बाकीचे सुरू झाले. पुढे तो बी फ्लॅटकडे जातो, बासवाला मायकल हेंडरसन अजून ई वरच, आणि त्या रस्सीखेचीतच माइल्स ट्रम्पेट घेऊन आत शिरतो. अंगावर काटा. कीबोर्डवाला हर्बी हॅनकॉक तर त्या इमारतीत सहज आला होता, त्याला पकडून ऑर्गनवर बसवलं. आणि हे सगळं ज्याच्या शफलवर, म्हणजे झुलत्या ठेक्यावर, उभंय तो ड्रमर बिली कॉबम.

'इनर माउंटिंग फ्लेम'वर कोण? कॉबम. मग १९७३ला कॉबमने स्वतःचं 'स्पेक्ट्रम' काढलं, त्यावर गिटारला टॉमी बोलिन, जो पुढे डीप पर्पलमध्ये गेला आणि १९७६ला अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला. हे 'स्पेक्ट्रम' जेफ बेकच्या कानावर पडलं आणि त्याला दिशा मिळाली, त्यानंतर 'ब्लो बाय ब्लो'. म्हणजे एका ड्रमरच्या मागे मागे जा, चार थोर गिटार रेकॉर्ड आपोआप सापडतात. बेकचं पुढचं 'वायर्ड', १९७६, त्यात आठ ट्रॅक, त्यातले चार लिहिलेत नारद मायकल वॉल्डनने. तो कोण? ड्रमर. गिटारवाल्याच्या रेकॉर्डची अर्धी चाल ड्रमरची, आता बोल.

रॉकमध्ये पण तेच. हेंड्रिक्सचं 'मशीन गन', 'बँड ऑफ जिप्सीज'वरचं, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला १ जानेवारी १९७०ला वाजवलेलं. गिटारमधून बॉम्ब आणि किंकाळ्या निघतात ते सगळे सांगतात, पण बंदुकीच्या फैरी बडी माइल्सचा स्नेअर झाडतो. तो काढून टाक, हेंड्रिक्सचा सोलो हवेत लटकेल.

ओके, मग 'स्पेक्ट्रम'मध्ये गिटारवाल्याने काय शिकायचं?

'स्ट्रॅटस'ची बास लाइन. हो, बासची. लीलँड स्क्लारने ती वाजवलीय आणि ती बदलतच नाही, ढिम्म. सुरुवातीला बराच वेळ सिंथ आणि ड्रमचा धूर असतो, मग तो बास येतो. गिटारच्या खालच्या तारांवर ती लाइन बसवा आणि दहा मिनिटं न बदलता वाजवा. फिल (मधल्या जागेत भरीचे सूर) नाही, बेंड (तार ओढून सूर चढवणं) नाही, मजा म्हणून एकही जास्तीचा सूर नाही. चौथ्या मिनिटाला हात शिवशिवायला लागतात, सातव्या मिनिटाला कळतं की आपण पळतोय. तिथे खरा क्लास सुरू होतो. ही लाइन इतकी पक्की आहे की मॅसिव्ह अटॅकने १९९१ला 'सेफ फ्रॉम हार्म'मध्ये ती उचलून वापरली आणि नवीन पिढीने परत नाचून घेतलं.

माझा तबला झालाय चार-पाच वर्षं, आता गिटार घेतलीय. त्याचा काही उपयोग?

तुम्ही बाकीच्यांच्या चार पावलं पुढे आहात, उगाच लाजू नका. सरळ 'शक्ती'कडे जा. महाविष्णूचा गडगडाट संपवून मॅक्लॉफ्लिन अकूस्टिक गिटार घेऊन मांडी घालून बसला, सोबत एल. शंकर व्हायोलिन, झाकीर हुसेन तबला, विक्कू विनायकराम घटम. पहिलं रेकॉर्ड 'शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन', १९७५ला लाइव्ह रेकॉर्ड केलेलं, १९७६ला आलं. त्यात 'जॉय' अठरा मिनिटांचं आहे आणि पहिल्या मिनिटापासून जे सुटतात ते सुटतातच. पण सुरुवात 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'मधल्या 'ला दान्स द्यु बोनर'ने करा, ते तोंडी बोलांनीच सुरू होतं, कर्नाटकी कोन्नक्कोल. तुम्ही तबल्याचे बोल म्हणत म्हणत शिकलात ना, अगदी तेच, फक्त दक्षिणेकडचं. आधी म्हणा, मग वाजवा.

ती गिटारही बघण्यासारखी. एब वेक्टरने बनवलेली, मुख्य तारांच्या खालून आडव्या तरफा लावलेल्या, आणि फ्रेटबोर्डचं लाकूड दोन फ्रेटच्या मधे खोलगट कोरलेलं. त्या खळग्यामुळे बोट लाकडाला टेकतच नाही, तार हवेत दाबता येते, मग मींड आणि गमक निघते. साध्या गिटारवर तेवढं ओढायला गेलात तर बोटं सोलून निघतील.

२०२३ला त्यांचं 'धिस मोमेंट' आलं, आपले शंकर महादेवन गायलेत, २०२४च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं, झाकीरभाईंनी त्या एका रात्री तीन ग्रॅमी घेतले. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले. अजून पचत नाही ते, जाऊ दे.

फास्ट वाजवायला किती महिने लागतात?

पुढचा प्रश्न.

बरं, पण 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' तर सगळं फास्टच आहे आणि त्यात ड्रमरपण नाही. मग तुमचं ते ड्रमरचं गणित?

हा प्रश्न चांगलाय. ५ डिसेंबर १९८०, वॉरफिल्ड थिएटर, तीन अकूस्टिक गिटार: पाको दे लुसिया, अल दि मेओला, मॅक्लॉफ्लिन. पहिला ट्रॅक 'मेडिटेरेनिअन सनडान्स', त्यात पाको आणि दि मेओला दोघंच. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर हे अजिबात कळणार नाही. डाव्या कानात पाको, नायलॉनच्या तारा, बोटांनी. उजव्या कानात दि मेओला, स्टीलच्या तारा, पिकने. आता उजवा हेडफोन काढून ठेवा आणि दि मेओला सोलो घेत असताना नुसता पाको ऐका, तो खाली काय करतोय. तो ड्रमर झालाय. फ्लामेन्कोवाल्यांचं सगळं आयुष्य त्या ठेक्यात जातं, नाचणाऱ्याच्या पायाला आणि गाणाऱ्याच्या गळ्याला साथ देण्यात, म्हणून त्याचा वेग कधी घाईचा वाटत नाही. दि मेओलाचा कधी कधी वाटतो, हे माझं मत, त्याचे फॅन मला आधीच बोलून झालेत. लोक टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या देतायत तेही रेकॉर्डवर ठेवलंय आणि ते बरं केलं, आपल्या संगीताच्या मैफलीत दाद जशी वाजवणाऱ्याला पुढे ढकलते तसं तिथे होताना ऐकू येतं.

अ‍ॅलन होल्ड्सवर्थचं सगळे नाव घेतात. मला त्याचे सूर कळतच नाहीत, चाल लक्षात राहत नाही.

राहणार नाही. मला पण शिट्टीवर येत नाही. त्याला सॅक्सोफोन वाजवायचा होता, हातात गिटार आली, मग त्याने गिटारलाच सॅक्सोफोन करायचं ठरवलं. प्रत्येक सुराला पिक मारायचंच नाही, डाव्या हाताची बोटं आपटून सूर काढायचे, त्यामुळे ओळी फुंकल्यासारख्या वाहतात. आणि कॉर्ड वाजवताना व्हॉल्यूम पेडलने सुरुवातीचा टक्क काढून टाकायचा, बेकने एका सुरात केलं ते याने अख्ख्या कॉर्डांच्या रांगेत केलं.

याला थेट त्याच्या सोलो रेकॉर्डने भिडू नका. आधी टोनी विल्यम्सचं 'बिलीव्ह इट', १९७५, त्यातलं 'फ्रेड'. बघा, परत टोनी विल्यम्स, म्हटलं होतं ना. मग यू.के. या बँडचं १९७८चं पहिलं रेकॉर्ड, 'इन द डेड ऑफ नाइट'मधला सोलो, तो तर चक्क रॉक गाण्यात बसवलाय त्यामुळे धरायला काहीतरी मिळतं. हे पचलं की १९८५चं 'मेटल फटीग'. २०१७ला गेला बिचारा, आयुष्यभर सगळे मोठे गिटारिस्ट त्याच्या पाया पडत राहिले आणि पैसा काही मिळाला नाही. तो ब्रॅडफर्डचा आणि मॅक्लॉफ्लिन डोनकास्टरचा, दोन्ही यॉर्कशायरमधले, तिथल्या पाण्यात काय होतं कोण जाणे.

पॅट मेथेनी फ्युजन आहे का? मला फार गोडगोड वाटतो.

नंतरचा काही काही वाटू शकतो. पण 'ब्राइट साइज लाइफ', १९७६, गिटार बास ड्रम तिघंच, बासवर जाको पास्टोरियस, ड्रमवर बॉब मोझेस, आणि रेकॉर्ड करताना मेथेनी एकवीस वर्षांचा. एकवीस! डिस्टॉर्शन नाही, लपायला जागा नाही. गंगापूर रोडने धरणाकडे पहाटे गाडीवर जाताना ते ऐका आणि मग मला गोड म्हणा.

रॉक सोलो आणि जॅझ सोलो यातला फरक एका गाण्यात दाखवा.

स्टीली डॅन या बँडचं 'किड शार्लमेन', १९७६, 'द रॉयल स्कॅम'वरचं. सोलो लॅरी कार्लटनचा, गिब्सन थ्री-थर्टी-फाइव्हवर. आवाज रॉकचा, बेंड ब्लूजचे, पण सूर निवडलेत ते खालच्या प्रत्येक कॉर्डप्रमाणे. एकच पाच सुरांची पेंटॅटॉनिक स्केल घेऊन वर-खाली पळत नाहीये तो. आधी फक्त कॉर्ड वाजवून घ्या, मग सोलो गा, गाता आला की मगच गिटारवर शोधा. टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची त्याचे आकडे, उतरवून घेतलात तर बोटं तिथे पोचतील पण का पोचली ते कळणार नाही. यूट्यूबवर स्पीड कमी करून ऐकायला माझी काही हरकत नाही, आमच्या वेळी ते असतं तर आम्हीपण केलं असतं, तेव्हा पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला काळा घोड्याला रिदम हाऊसपर्यंत जायचं, एक कॅसेट निवडायची आणि परतीच्या गाडीत नुसतं कव्हर वाचत बसायचं. ते दुकान २०१६ला बंद झालं.

या सगळ्यात भारतीय कोणीच नाही?

आहेत की, आणि आधीपासून. 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७, घरोघरी कॅसेट असायची. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसादजींची बासरी सगळ्यांना आठवते, तिसरं वाद्य गिटार होतं हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. ब्रिजभूषण काब्रा, गिटार आडवी ठेवून स्लाइडने वाजवलेली. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांमधून सांगितलाय. ते फ्युजन नाही, शुद्ध आपलं, पण तारेवर सूर कसा सरकवायचा हे शिकायला त्याच्याइतकं स्वस्त आणि उत्तम काही नाही. मग विश्वमोहन भट्ट आणि राय कूडरचं 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. दोघं नुसते गप्पा मारतायत.

नवीन लोक ऐकता की नाही? की सगळं सत्तरचंच?

ऐकतो. जॉन स्कोफिल्डचं 'ब्लू मॅटर' ऐंशीच्या दशकातलं, तुमच्या मानाने जुनंच, पण त्यावर डेनिस चेंबर्सचे ड्रम आहेत, तेवढ्यासाठी घ्या. गथ्री गोवनचं 'इरॉटिक केक्स', २००६, नावावरून घरात ओरडा बसेल, पण इतका सगळं येणारा आणि तरी विनोदी वाजवणारा माणूस दुसरा नाही. पुढचं तुम्हीच मला पाठवत जा.

फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी तक्रार करतात. नाशिकमध्ये ड्रमरबरोबर प्रॅक्टिस करायची कुठे?

खरा प्रॉब्लेम हाच आहे. गिटारवाले गल्लोगल्ली, ड्रमकिट असलेलं घर शोधून सापडत नाही. तासावर मिळणारी जॅम रूम असेल तर चार जणांत पैसे वाटून घ्या. ते नाही जमलं तर आपल्या शहरात ढोलवाल्यांची काय कमी आहे का राव? नाशिक ढोल म्हणून महाराष्ट्रभर नाव आहे. गणपतीच्या आधी पथकांची प्रॅक्टिस सुरू होते, संध्याकाळी जाऊन उभे राहा, जमलं तर ताशा शिकून घ्या. ढोल एक ठेका धरून बसतात आणि ताशा त्यावर उड्या मारतो, कॉबम आणि मॅक्लॉफ्लिनमध्ये पण कामाची वाटणी अशीच आहे. माझा एक विद्यार्थी दोन सीझन पथकात ताशा वाजवून आला आणि त्याची ऱ्हिदम गिटार एवढी सुधारली की मी क्लासमध्ये त्याच्याशेजारी बसायला लागलो. तोपर्यंत मेट्रोनोम, पण क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं समजून वाजवा, प्रत्येक मात्रेवर नको.

हेडफोन कुठला घेऊ?

वायरवाला, कानावर नीट बसणारा, बजेटमध्ये बसेल तो. ब्लूटूथवर ऐकायला हरकत नाही, पण गिटार जोडून वाजवायला घेतलीत तर आवाज उशिरा येतो आणि मग ड्रमरला शिव्या घालत बसाल.